चिकटपट्टीची बोट

१

नायजेलने सोफा भिंतीकडे ढकलला, गालिच्यावर गुडघे टेकले आणि पांढऱ्या चिकटपट्टीने बोट आखायला घेतली. रविवारची दुपार होती आणि बाहेर आमच्या स्टॅफर्ड गावची नेहमीची रिपरिप चालू होती.

माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. प्रवासापेक्षा प्रवासाचा बेत आखण्यात त्याचा जीव जास्त रमतो. यंदा कालव्यावर बोट भाड्याने घ्यायची, आठवडाभर तीतच राहायचं आणि आपणच चालवायची, असं ठरल्यापासून त्याच्या अंगात आलं होतं. बेत मुळात माझा. माझ्या बहिणीने, फिलिपाने, पोर्तुगालचे फोटो दाखवून माझं डोकं उठवलं होतं. ती विमानाने जाते ना? जाऊ दे. आम्ही आमची बोट चालवू. मी जळकुटी आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

"बोटीची रुंदी एवढीच," नायजेल गुडघ्यांवर सरकत म्हणाला. "जेमतेम सात फूट. आधी घरात सवय केली नाही, तर दुसऱ्या दिवशी एकमेकांचे गळे धरू आपण."

बोटीचं पुढचं टोक शेकोटीपाशी आलं. स्वयंपाकघर, झोपायच्या फळ्या, संडास, सगळं गालिच्यावर उमटलं. पण बोट लांब आणि आमची खोली आखूड, त्यामुळे मागचं टोक दारातून बाहेर गेलं आणि जिन्याखालच्या बोळात, कोट टांगतो तिथे जाऊन संपलं. तिथे नायजेलने एक पाटासारखं स्टूल ठेवलं आणि सुकाणू म्हणून झाडूचा दांडा.

"सुकाणू मी धरणार," मी आधीच सांगून टाकलं.

टॅमसिन, आमची थोरली, चौदा वर्षांची. तिने डोळे फिरवले. "मम्मी, गॅरेजमधून गाडी काढताना कुंडी फोडतेस तू."

"एकदाच फुटली."

"खूपदा," हॅटी म्हणाली. हॅटी आठ वर्षांची आहे आणि तिला खोटं बोलता येत नाही. पंचाईत आहे तीच.

गाडीत मी आयुष्यभर शेजारच्या सीटवर नकाशा घेऊन बसले आहे आणि रस्ता चुकला की बोलणी खाल्ली आहेत. या खेपेला मला मागे उभं राहायचं होतं. माझी सगळी माणसं माझ्यासमोर, आणि दांडा माझ्या हातात. एवढंच हवं होतं मला.

पण त्या दांड्याचं उलटं असतं. डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. नायजेल "पूल आला! डावीकडे घे!" असं ओरडायचा आणि मी नेमकी पुलावर आपटायची. पोरी लोळायच्या हसून. चौथ्यांदा पूल पाडल्यावर माझं डोकं फिरलं. झाडू टाकला आणि चहा करायला निघून गेले.

स्वयंपाकघरात किटली तापत होती आणि खोलीतून हसणं ऐकू येत होतं. थट्टेचं नव्हे, कौतुकाचं. "वा! सुटलो! आणखी एक पूल!" नायजेल म्हणत होता. "बघा, हळूच ढकललं की कसं जमतं."

मी ट्रे घेऊन आले. पोरी शेकोटीपाशी बसल्या होत्या आणि नायजेल मधे उभा. तिघांची तोंडं बोळाकडे.

"कोण चालवत होतं?" मी विचारलं.

"म्हणजे?" नायजेल माझ्याकडे वळला, अजून हसत. "अगं, पुन्हा केलास का चहा? तुझा मघाशी नेलास की तिकडे."

जिन्याखाली टेलिफोनच्या फळीवर माझा निळा कप होता. वाफाळत होता. मी एक घोट घेतला. साखर होती त्यात. लग्नानंतर मी चहात साखर घेतलेली नाही. पोरींचा चावटपणा असणार, असं म्हणून मी तो मोरीत ओतला.

२

त्या आठवड्यात नायजेल मला माझीच वाक्यं सांगायला लागला.

"उतारावरच्या लॉकमध्ये सांभाळायचं ते मागच्या उंबऱ्याला," तो मंगळवारी भांडी पुसताना म्हणाला. लॉक म्हणजे बोट खालच्या पातळीला उतरवायचा दगडी हौद. दोन्ही टोकांना दारं. पाणी सोडलं की बोट खाली जाते. "वरच्या दाराखाली दगडाचा उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची शेपूट त्यावर अडकली तर पुढचं टोक खाली जातं आणि खेळ खलास. भिंतीवर पांढरी रेघ असते. त्या रेघेच्या पुढे राहायचं."

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. तूच म्हणालीस."

"मी? मला लॉक आणि तळं यातला फरक कळत नाही!"

तो हसला आणि फडकं वाळत टाकलं. "आज नाही कळत तुला. ठीक आहे."

आता काय म्हणावं याला? मला एकच सुचलं, जे कुठल्याही बाईला सुचेल. कोणीतरी आहे. बोटीतलं कळणारी, गोड बोलणारी, चहात साखर घेणारी एक बाई आहे, तिच्याशी हा बोलतो आणि नाव माझ्यावर घालतो. मी त्याच्या कोटाचे खिसे चाचपले. शिट्टी, पेपरमिंटच्या गोळ्या आणि खडू. शाळेतल्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर आणल्या आणि एकेक करून बाद केल्या. तरी रात्रीचं जेवण मी त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवलं.

"आणि हात करायचा," तो बटाटे कुस्करत पोरींना सांगत होता. "कालव्यावरची रीत आहे. समोरून बोट आली, हात करायचा. काठाने कोणी चालत असलं, त्यालाही हात करायचा. ओळख असो नसो."

"मी नाही करणार," मी म्हणाले. "ओळख ना पाळख."

"काल तर म्हणालीस, त्यातच खरी मजा आहे," टॅमसिन म्हणाली.

३

शनिवारी सासूबाई आल्या. म्युरिएल माझ्या हाताचा केक खातात तो बशीत बाजूला सारून सारून. आमच्या लग्नात त्यांनी काळी हॅट घातली होती. सगळं सांगत बसत नाही. पण त्या दिवशी दारात शिरताच त्यांनी माझा हात हातात घेतला.

"जिलियन, गुरुवारचा तुझा फोन. किती बरं वाटलं मला."

"म्युरिएल, मी तुम्हाला फोन केला नव्हता."

"तासभर बोललीस! नायजेलच्या वडिलांबद्दल विचारलंस. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं गं." त्यांचे डोळे भरून आले होते. "मला आधीच कळायला हवं होतं, तू अशी आहेस म्हणून."

गुरुवारी मी दिवसभर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. मी नायजेलकडे पाहिलं. तो आईकडे पाहत होता, मायेने. मनात काय आलं सांगू? भीती नाही आली. भीती नंतर आली. आधी झोंबली ती मिरची. सोळा वर्षं या म्हातारीची मर्जी राखायला मी मर मर मेले, आणि कोण कुठली ती एका फोनमध्ये जिंकून गेली!

सासूबाई चिकटपट्टीच्या आतून शेकोटीकडे निघाल्या. बोटीतली वाट अरुंद, म्हणून अंग चोरून चालायचा आमच्याकडे आता नियम होता. मधेच त्या थांबल्या, पोट आत घेतलं, भिंतीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "ये, जा तू आधी."

समोर कोणी नव्हतं. मी त्यांच्या मागे उभी होते.

पोरींनीही पाय आत घेतले. आधी टॅमसिनने, मग हॅटीने, बोळाकडे कोणी चालत गेलं तर घेतील त्या क्रमाने. तिकडे कोटांची रांग किंचित हलली. दार उघडं होतं म्हणा, वारा असेल.

४

सोमवारी मी दुकानातून परत आले ती समोरच्या फाटकाने. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. आत हॅटी जमिनीवर मांडी घालून बसलेली दिसली, बोळाच्या दाराला पाठ करून. डोळे मिटलेले. तिच्या मागे, दाराच्या चौकटीआडून, दोन कोपर दिसत होते. हिरव्या लोकरीच्या बाहीतले. हळूहळू हलत होते. वर, खाली, आत. हॅटीचं डोकं त्या तालावर जरा जरा मागे जात होतं.

हॅटी मला केसांना हात लावू देत नाही. कंगवा दिसला की टेबलाखाली जाते. गेल्या नाताळात मी तिचे केस विंचरायला गेले तर मला चावली होती.

मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि धावले. किल्ली कुलपात फिरेना. दार उघडलं तर बोळ रिकामा. स्टूल, झाडू, कोट. स्टुलावर हात ठेवला. ऊब होती की नव्हती, देवाशपथ, आजही सांगता येणार नाही. हॅटी उठून उभी राहिली. पाठीवर एक वेणी, घट्ट, सरळ, टोकाला लाल रिबीन.

"कोणी घातली?"

"तूच ना." ती वेणी पुढे घेऊन बघत होती. "या वेळी दुखलंच नाही, मम्मी. रोज अशीच घालशील?"

मी खाली पाहिलं. तो हिरवा स्वेटर माझा. सकाळपासून माझ्या अंगात होता, आणि बाहीवर दुकानातून येतानाच्या पावसाचे थेंब अजून वाळले नव्हते.

मी लेकीला जवळ घेतलं आणि वेणी सोडायला लागले. "असू दे ना," ती म्हणाली, मग रडायलाच लागली. मी थांबले नाही. सगळी सोडली. माझ्या पोरीच्या केसांत दुसऱ्या कोणाचा हात मला नको होता. तो हॅटीला आवडला, हे तर मुळीच नको होतं.

५

त्या संध्याकाळी मी चिकटपट्टी उपटून काढली. शेकोटीपासून सुरुवात केली आणि जिन्याखाली संपवली. गोळा करून कचऱ्यात कोंबली.

"जायचं नाही," मी म्हणाले. "बेत रद्द."

"जिल, अगं बेत तुझाच होता." नायजेल दारात उभा होता. रागावला नव्हता, तेच मला बोचत होतं. "बरं नाही का वाटत? परवा तर नुसती फुललेली होतीस. मी टॅमसिनला म्हटलंही, मम्मी अशी हसताना कधीपासून दिसली नव्हती."

"नायजेल, ती मी नव्हते."

"मग कोण?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. काय सांगणार? की घरात एक बाई आहे, ती मीच आहे, आणि ती माझ्याहून बरी आहे? वेड्यांच्या इस्पितळात नाही का टाकणार? आणि मी स्वतःलाही तेच समजावत होते. कामाचा ताण आहे. बोलते आणि विसरते. साखर घातली असेल, फोन केला असेल, वेणी घातली असेल. सगळं मीच केलं असेल.

पण मग मला का आठवत नव्हतं? ती सगळी गोडी तिच्या वाट्याला आणि नुसतं रिकामं डोकं माझ्या वाट्याला का?

गालिच्यावर जिथे पट्टी होती तिथली लोकर दबलेली राहिली. बोट दिसतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही त्या रेघांच्या आतूनच चालत होते. मी एकटी बाहेरून.

शेवटी मीच हो म्हटलं. विचार केला, इथे जिन्याखालच्या अंधारात तिचं फावतं. खऱ्या बोटीत, उघड्या उन्हात, मागच्या टोकाला दोघींना उभं राहायला जागाच नाही. एकदा दांडा माझ्या हातात आला की तो मी सोडतेच कशाला!

६

ग्रेट हेवुडला, बोटी भाड्याने देणाऱ्या यार्डात बोट घेतली. हिरवी, लाल कडेची, टपावर फुलांच्या कुंड्या. यार्डातल्या माणसाने इंजिन कसं लावायचं, बोट बांधायला काठावर खुंट कसा ठोकायचा ते दाखवलं. मग नायजेलने आपला नियम सांगितला. दोर सोडण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने ओरडायचं, म्हणजे कोणी काठावर राहून जायला नको. सुकाणू धरणाऱ्याने सगळ्यांत शेवटी.

"नायजेल!"

"टॅमसिन!"

"हॅटी!"

"जिलियन!" मी ओरडले, आणि निघालो.

देवा, काय ऊन पडलं होतं! बदकं बाजूला होत होती, पुढे पोरींची डोकी दिसत होती आणि दांडा माझ्या हातात थरथरत होता. पुलाखालून मी अगदी मधून काढली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना त्याची सवय झाली होती.

मग पहिलं लॉक आलं. काठावर उतरून दारं उघडायला आणि पाणी सोडायला कोणीतरी हवं. नायजेलची पाठ कालच भरली होती. टॅमसिनला उंचीवरून पाणी बघून चक्कर येते.

"मी जाते!" हॅटी पाणी सोडायचं लोखंडी हँडल उचलून उडी मारायच्या बेतात होती.

खाली खोल हौद, शेवाळलेल्या कडा, आणि माझी आठ वर्षांची पोर. मी एका हाताने तिची बंडी धरली. दुसऱ्या हातात सुकाणू होतं. कुठलं तरी एक सोडायलाच हवं होतं.

"नायजेल, इकडे ये. हा दांडा धर. कोणाला देऊ नकोस, कळलं?"

"कोणाला देणार?" तो म्हणाला.

मी हँडल घेऊन उतरले. बोट आत आली. मी मागचं, वरचं दार लावलं, लॉकच्या पुढच्या टोकाला गेले, हँडल चढवलं आणि फिरवलं. पाणी खालून बाहेर धावलं. बोट उतरायला लागली.

तेव्हा मला नायजेलचा आवाज आला. पुढून. तो पोरींच्या मधे पेटीवर बसला होता, सफरचंद कापून देत होता.

मी वळून मागे पाहिलं. मागची पायरी भिंतीच्या सावलीत गेली होती. तिथून फक्त दांडा दिसत होता, दांड्यावर हिरवी बाही, आणि हात. माझी अंगठी. बोटीची शेपूट हळूहळू मागे सरकत होती, त्या पांढऱ्या रेघेकडे.

खोटं कशाला बोलू? एक क्षण मी गप्प राहिले. सरकू दे, म्हटलं. बघू दे सगळ्यांना, हिला काय येतं ते. मग हॅटीची लाल रिबीन दिसली. पुन्हा वेणी होती. माझी पोर त्याच बोटीत बसली होती.

"पुढे घे!" मी किंचाळले. "रेघ! पुढे घे!"

पण त्या हाताने माझ्या आधीच इंजिनाचा दट्ट्या दाबला होता. बोट शांतपणे पुढे आली आणि रेघेच्या कितीतरी पुढे थांबली. कोणाच्या हातातलं सफरचंदही पडलं नाही.

७

खालची दारं उघडली. बोट बाहेर पडली आणि काठाशी थांबली, माझ्यासाठी. मला वाटलं, माझ्यासाठी.

तेव्हाच सगळं टाकून पळायला हवं होतं. पण लॉकची दारं उघडी टाकून कोणी जात नाही. मागून येणाऱ्याचं पाणी वाया जातं, लोक शिव्या घालतात, आणि नायजेलने महिनाभर हेच घोकून घेतलं होतं. मी दाराच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून एक दार लोटलं. लॉकवरच्या छोट्या पुलावरून पलीकडे गेले आणि दुसरं लोटलं. पाठ बोटीकडे होती.

"नायजेल!" मागून आवाज आला.

"टॅमसिन!"

"हॅटी!"

मी तोंड उघडलं.

"जिलियन!" बोटीच्या मागच्या टोकावरून आवाज आला. आपला आवाज टेपवर ऐकला की परका वाटतो. हा परका वाटला नाही. मी स्वतःला जशी ऐकू यावी असं मला वाटतं, अगदी तसा होता.

दोर पाण्यात चुबुक करून पडला.

कालव्यावरची बोट माणसाच्या चालीने जाते. धावलं की गाठता येते. मी गाठली. काठाच्या वाटेने, हातात ते लोखंडी हँडल घेऊन, धापा टाकत बोटीच्या बरोबरीला आले. मागची बाई टपावरच्या कुंड्यांआड होती. गेरेनियमच्या वर तिच्या मानेचा एक तुकडा दिसला. तिने वळून पाहिलं नाही. तिला गरजच काय होती?

"हॅटी!" मी हाक मारली. "हॅटी, बेटा!"

हॅटीने माझ्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. "मम्मी," तिने विचारलं, "त्या बाईंना माझं नाव कसं माहीत?"

मागून उत्तर आलं, हळू, समजुतीचं. मला शब्द कळले नाहीत. हॅटीला कळले. तिच्या कपाळावरची आठी गेली, तिने मान डोलावली, आणि पाठीवरची वेणी सरळ केली.

"छान ऊन पडलंय, नाही?" नायजेल माझ्याकडे बघून म्हणाला. अनोळखी बाईशी बोलायचा त्याचा आवाज मला ठाऊक आहे. तोच होता.

मग त्याने हात केला. टॅमसिनने हात केला. हॅटीने सगळ्यांत जोरात केला, दोन्ही हातांनी, कालव्यावरची रीत नुकतीच शिकलेल्या मुलाने करावा तसा.

माझी पोर मला हात करत होती. नाही केला तर तिला वाईट वाटलं असतं.

मीही हात केला.